कातळशिल्पं, सडा आणि गावकरी : थोडी पार्श्वभूमी

कोकणात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, कोरलेली जुनी चित्रं म्हणजे कातळशिल्पं. ती 'सापडली' असं आपण म्हणतो, पण ज्यांची गुरं रोज त्या सड्यावर चरतात त्यांना ती कधी हरवलेलीच नव्हती. पांडवांनी काढलेली चित्रं म्हणून गावात ओळख होतीच, रत्नागिरीतल्या देवीहसोळला तर आर्यादुर्गा देवीच्या जत्रेशी ती जागा जोडलेली आहे. गोव्यात कुशावती नदीकाठचं फणसायमळ, तिथली कातळशिल्पं, पण 1993 मध्ये अभ्यासकांना कळलं ते गावातल्यांनी सांगितलं म्हणूनच.

रत्नागिरीत शोधाला खरा वेग आला 2012 नंतर. काही हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारायला लागली, की सड्यावर कुठे चित्रं, रेघा दिसतात का, आणि लोक स्वतः घेऊन जायला लागले. कशेळीचा हत्ती, जवळपास 18 मीटर लांब, पोटात मासे, पक्षी, प्राणी कोरलेले, पण शेजारी उभं राहिलात तरी एका नजरेत मावत नाही. उक्षीत तर गावाने पुढाकार घेऊन चित्राभोवती चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची बुटकी भिंत घातली, तिथला हत्ती नीट बघायची सोय केली.

या जागा कायद्याने जपायच्या म्हटल्यावर घोडं अडलं ते 'संरक्षित' या शब्दापाशी. केंद्राच्या स्मारकांना 2010 च्या दुरुस्तीनंतर 100 मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीची अट आहे, राज्याचा कायदा वेगळा, 1960 चा. पण हा फरक गावात बसून कोणी समजावून सांगितलाच नाही! मग संरक्षित म्हणजे जागा गेली, असाच अर्थ घेतला जातो आणि त्यात लोकांची काहीच चूक नाही. सडा बहुतेक खाजगी मालकीचा, सातबारा सामायिक, निम्मे हिस्सेदार मुंबईला, आणि चिरेखाणीला जागा दिली तर पैसे लगेच हातात येतात. संमती मागायची तर या सगळ्यांकडे आधी जायला हवं होतं, संरक्षणाची नोटीस नंतर.

2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत, म्हणजे जागतिक वारशासाठी पुढे विचारात घ्यायच्या जागांच्या यादीत, कातळशिल्पांच्या नऊ जागा आल्या, सात रत्नागिरीतल्या, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक फणसायमळ. त्यात बारसू पण आहे, आणि 2023 मध्ये तिथेच रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा विरोध करणारे गावकरी जमिनीबरोबर कातळशिल्पांचंही नाव घेऊन उभे राहिले. यादीत नाव आहे म्हणून कायद्याचं संरक्षण आपोआप मिळत नाही, ते राज्याने वेगळं जाहीर करावं लागतं, आणि तिथे परत तोच सामायिक सातबारा समोर येतो.