स्टिअरिक ॲसिड घेण्यापूर्वी

मेणबत्तीवाले, क्रीम करणारे बचत गट आणि रबराचे कारखानदार, सगळे एकच मागतात : "स्टिअरिक द्या." त्यावर आम्ही "कशासाठी?" असे विचारतो, कारण माल कामाप्रमाणे बदलतो.

नावात ॲसिड असले तरी हे हात भाजणारे नाही. पांढरे, मेणचट पापुद्रे असतात, पाण्यात विरघळत नाहीत. तुपात ते थोडे असते, कोकमाच्या तेलात तर भरपूर; टाचांना लावायचे भिरंडेल घट्ट राहते ते बरेचसे यामुळेच. शुद्ध स्टिअरिक सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळते. गोणीतला माल मात्र बहुधा 55 अंशांच्या आसपासच वितळतो, कारण त्यात पामिटिक हे त्याच्याच जातीचे दुसरे आम्लही निम्म्याच्या आसपास असते. ही भेसळ नव्हे, बाजारातला नेहमीचा माल असाच असतो.

मेणबत्ती हा याचा जुना धंदा. शेव्रल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1825 मध्ये अशा मेणबत्त्यांचे पेटंट घेतले. 10 किलो पॅराफिनला अर्धा ते एक किलो स्टिअरिक पुरते. मेणबत्ती कडक आणि दुधाळ होते, थंड होताना आकसून साच्यातून सहज सुटते. काचेच्या ग्लासात ओतणार असाल तर मात्र घालू नका. तिथे आकसलेले मेण काचेपासून सुटून वाईट दिसते. लॅटेक्सचे साचेही याने लवकर खराब होतात. वितळवायला स्टीलचे भांडे घ्या. तांब्या-पितळेच्या भांड्यात मेणाला हिरवट झाक येते. आणि थेट जाळावर नको, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा.

व्हॅनिशिंग क्रीममध्ये साधारण 15 ते 20 टक्के स्टिअरिक जाते. त्यातल्या थोड्याच भागाचा अल्कलीने साबण होतो, उरलेल्यामुळे क्रीमला मोत्यासारखी चमक येते. इथे कॉस्मेटिक ग्रेडच घ्या. रबर ग्रेड स्वस्त पडते, पण तिचा आयोडीन अंक जास्त असतो, म्हणजे हवेने लवकर खराब होणारा असंपृक्त भाग तिच्यात जास्त असतो. क्रीम पुढे पिवळे पडते, खवट वास येतो. दोन पैसे वाचवायला गेलात तर सगळा घाणा टाकावा लागेल. रबरात झिंक ऑक्साइडच्या जोडीने व्हल्कनायझेशनला (गंधकाने रबर पक्के करण्याला) मदत करायची असते, तिथे तीच ग्रेड उत्तम चालते.

साबणवाल्यांनी बॅचच्या रिपोर्टवरचा आम्लांक (एक ग्रॅम मालातले आम्ल मारायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते तो आकडा) पाहून कॉस्टिक मोजावे. आम्लांक 208 असेल तर 100 ग्रॅमला सुमारे 14.8 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेलासारखी इथे सवड मिळत नाही, लाय, म्हणजे कॉस्टिकचे पाणी, पडताच मिश्रण घट्ट होते. त्यामुळे रंग-सुगंध आधीच काढून ठेवा. लाय हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

"यात चरबी आहे का?" हा प्रश्न रोजचा, आणि रास्तही. स्टिअरिक प्राण्यांच्या चरबीपासूनही बनते. आम्ही पाम तेलापासूनचेच ठेवतो. उत्पादकाचे प्रमाणपत्र मागा, बिलासोबत देऊ.