मिरवेल : ठाणे व नवी मुंबई परिसरातील लागवड

मिरवेल : काळी मिरी देणारा बहुवर्षायू आरोही वेल. शास्त्रीय नाव पायपर नायग्रम, कुल पायपरेसी. नागवेल व पिंपळी याच प्रजातीतील. पेरांवर फुटणाऱ्या मुळांनी सालीला धरून चढतो. मूलस्थान सह्याद्रीच्या दक्षिण भागातील सदाहरित वने. तेथून सुपारी-नारळाच्या वाड्यांमार्गे तो उत्तर कोकणात आला असावा.

ठाणे परिसरातील लागवड फार जुनी नसावी. इ. स. पहिल्या शतकातील मानला जाणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ कल्याण बंदराचा उल्लेख करतो; मिरी भरण्याची ठिकाणे म्हणून मात्र मलबारकडील मुझिरिस व नेल्किंडा यांची नावे देतो. तेराव्या शतकाच्या अखेरच्या मार्को पोलोच्या वृत्तांतात हे अधिक स्पष्ट होते : ठाण्याच्या राज्यात मिरी वा इतर मसाले होत नाहीत, धूप मात्र विपुल. हे त्याने स्वतः पाहिले की खलाशांकडून ऐकले, याविषयी शंका घेता येते. तरी येथून निर्यात होणारी कातडी व सुती कापड यांची त्याने दिलेली माहिती पाहता हे विधान डावलण्याचे कारण दिसत नाही. बंदर आहे म्हणजे पीकही असणार, हे अनुमान टाळावे. आज तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरी पोत्यांनी येते, म्हणून ती तुर्भ्यात पिकते असे कोणी म्हणत नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नोंदींतील ‘ठाणे जिल्ह्या’त वसई-केळव्याच्या वाड्याही येतात, हेही ध्यानी घ्यावे.

‘सावलीत येणारा वेल’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. कोवळ्या वेलास सावली लागतेच. कडक उन्हात पाने पिवळी पडून करपतात. दाट सावलीत मात्र वेल नुसता चढत राहतो आणि घोस थोडे धरतात. केरळातील पन्नियूर केंद्राची संकरित जात पन्नियूर-1 भरघोस पिकते, पण तिला गडद सावली मानवत नाही. करीमुंडा ही जात ती त्यामानाने सोसते. जुन्या आंब्या-फणसाखाली लावताना हा भेद पाहावा. ठाण्यात खरी अडचण कोरडेपणाची आहे. वर्षाचा सुमारे 2,500 मिमी. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. केरळास ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा पाऊस मिळतो. येथे त्याच सुमारास पाणी देणे सुरू करावे लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडाशी फुटून जमिनीलगत धावणाऱ्या फुटव्यांची दोन-तीन पेरांची छाटे पिशव्यांत लावतात. पावसाच्या आरंभी ती आधाराच्या झाडापासून सुमारे 30 सेंमी.वर, उत्तर बाजूस लावतात. त्यामुळे दक्षिण-पश्चिमेचे ऊन टळते. आधारास नारळ, सुपारी, पांगारा, गिरिपुष्प. पाणी साचल्यास फायटोफ्थोरा बुरशीने मर येते. त्यावर 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना यांचे) फवारतात.

लागवडीतील बहुतेक जातींची फुले द्विलिंगी असतात. कुक्षी (पराग घेणारा स्त्री-भाग) आधी पक्व होते, परागकोश नंतर फुटतात. घोसावरून ओघळणारे पावसाचे थेंब पराग खालच्या फुलांवर नेतात, म्हणून पावसाशिवाय फळ धरत नाही, असे जुने मत. पुढील निरीक्षणांत पाऊस अडवूनही फळे धरलेली आढळली. म्हणजे पाऊस अनिवार्य नाही; हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जुलैतली उघडीप लांबली की कोवळे घोस गळतात हे खरे, पण त्याचे कारण परागणापेक्षा ओलाव्यात शोधावे.

फळे सहा ते आठ महिन्यांत तयार होतात. घोसातील एक-दोन मणी लाल होताच तोडणी करतात. मणी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून वाळवल्यास रंग एकसारखा काळा येतो. 100 किग्रॅ. हिरव्या मिरीची वाळून साधारण 33 किग्रॅ. होते.

नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावाच्या खारट जमिनी या वेलास अयोग्य; तेथे कुंडीचाच पर्याय उरतो. आडव्या फळफांदीचे छाट लावल्यास वेल न होता झुडूप होते. रोपवाटिकांत ते ‘बुश पेपर’ म्हणून मिळते. त्यास आधार लागत नाही, व पाणी नियमित मिळाल्यास घोस वर्षभर अधूनमधून येत राहतात.