दिसणारे तारे ‘केव्हाच मेलेले’ नसतात

‘आकाशात दिसणारे बहुतेक तारे केव्हाच संपले आहेत, आपण पाहतो तो त्यांचा जुना प्रकाश.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं.

प्रकाश यायला वेळ लागतो, हे खरं. सूर्यापासून ८ मिनिटं २० सेकंद, नेपच्यूनपासून सुमारे ४ तास. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला. रोहिणीचा साधारण ६५ वर्षांपूर्वीचा, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या सुमाराचा. कधी गच्चीवरून तो तांबूस ठिपका हे मनात ठेवून बघा, अंगावर काटा येतो.

पण ताऱ्याचं आयुष्य किती? सूर्यासारख्याचं सुमारे १,००० कोटी वर्षं. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). कोट्यवधी वर्षं जगणाऱ्यासाठी हजार-दोन हजार वर्षं म्हणजे काहीच नाही. एखादा गेलाही असेल, पण ‘बहुतेक’ मुळीच नाहीत.

मृगातला काक्षी (बीटलज्यूस) हा तारा २०१९-२० मध्ये मंदावला, तेव्हा ‘तो फुटलाच’ अशी आवई उठली. तो धुळीमुळे झाकोळला होता आणि पुन्हा उजळला. त्याचा स्फोट व्हायला अजून लाखभर वर्षंही लागू शकतात.

देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, मात्र २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिथले काही महाकाय, अल्पायुषी तारे खरोखरच संपले असतील. पण ते आपल्याला एकेकटे दिसतच नाहीत. डोळ्यांना दिसतो तो फक्त एक अंधुक पुंजका.