समुद्र संवर्धनाची फेलोशिप, कोल्हापूरची पोरं आणि अडणारे कागद

परवा परत एकाचा फोन. सर, फेलोशिपचं रिजेक्शन आलं, बघा की काय चुकलं. बघितलं. विषय झकास होता, मालवणकडं रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात सापडणारी कासवं, इंग्रजीपण बरं होतं, पण दोन रेफरन्स लेटर मागितलेली त्यातलं एकच पोचलेलं. म्हणजे कासवापर्यंत कुणी गेलंच नसणार, अर्ज अपुरा म्हणून आधीच बाजूला पडला. प्राणीशास्त्रात एमेस्सी करून मी दोन सीझन कोकणात काम केलंय, त्यामुळं असे अर्ज माझ्याकडं येत असतात, आणि खरं सांगू का, सायन्स कच्चं म्हणून गेलेला अर्ज मी क्वचित बघितलाय, बाकी सगळे कागदांत मरतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, दरवेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो.

आधी पात्रता. नावात फेलोशिप आहे म्हणून हुरळून जाऊ नका. प्यू मरीन फेलोशिपचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तीन वर्षांला दीड लाख डॉलर, पण ती करिअरच्या मधल्या टप्प्यावरच्या लोकांसाठी आहे आणि तिथं नामांकन लागतं, आपण उठून फॉर्म भरायची भानगडच नाही. नॉस फेलोशिप अमेरिकेतल्या विद्यापीठात पदव्युत्तर शिकणाऱ्यांची. संयुक्त राष्ट्रांची निप्पॉन फाउंडेशनबरोबरची जी आहे ती सरकारी खात्यात समुद्राच्या विषयावर काम करणाऱ्यांची. आपली पोरं बरोबर ह्याच तीन ठिकाणी रात्री जागतात.

आणि जे आपल्या उपयोगाचं आहे त्याच्या नावात फेलोशिप हा शब्दच नसतो म्हणून कुणी बघत नाही. रफर्ड फाउंडेशनची स्मॉल ग्रँट बघा. कॉन्झर्वेशन लीडरशिप प्रोग्राम बघा, पण तिथं टीम लागते, किमान तिघं, एकट्यानं अर्ज केला तर गेला. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या सुरुवातीच्या ग्रँट आहेत. देशातल्या देशात म्हणाल तर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची सरकारी फेलोशिप काढायची, १ जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० आहे, आणि ती घेऊन गोव्यात दोनापावल्याला एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, किंवा अशाच एखाद्या संस्थेत गाईड शोधायचा. राज्यात वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि त्याचं प्रतिष्ठान आहे, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. यंदाचा कॉल निघालाय का, नियम बदललेत का, हे त्या-त्या साइटवरच बघायचं, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर नाही, तसली एक पीडीएफ मला तीन वर्षं झाली तारीख खोडून येतीय.

अर्ली करिअर म्हणजे काय ह्याचा तर घोळच आहे. आपल्याकडं सरकारी भरतीची सवय असल्यामुळं पोरं पहिल्यांदा वय बघतात. काही ठिकाणी वयाची अट असतेच, पण बऱ्याच ठिकाणी वयाशी देणंघेणं नसतं, संवर्धनाच्या क्षेत्रात पगारी काम किती वर्षं केलं ते मोजतात, कॉन्झर्वेशन लीडरशिपवाल्यांची मर्यादा पाच वर्षांची. एक पोरगी एमेस्सीनंतर चार वर्षं घरच्या दुकानात बसली होती, तिला वाटलं आपण बाद. अहो दुकानातली वर्षं मोजत नाहीत. तिनं उलट ती वर्षं लपवायला सीव्हीतल्या तारखाच काढून टाकल्या, आणि बिनतारखेचा सीव्ही बघून समोरच्याला शंका येणारच की. तारखा लिहा, गॅप असेल तर एका ओळीत खरं कारण लिहा.

आता कोल्हापूरचा खास प्रश्न. तुम्ही समुद्रापासून एवढ्या लांब, घाटाच्या वर, मग समुद्रावर काम का? हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच आणि त्याचं उत्तर म्हणून निम्मी पोरं लिहितात की पंचगंगेतलं प्लास्टिक वाहत अरबी समुद्रात जातं आणि कोकण किनारा घाण होतो. बाबांनो! पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते आंध्रात, बंगालच्या उपसागरात, मधे अलमट्टीसारखी धरणं. सह्याद्रीच्या ह्या बाजूचं पाणी पूर्वेला जातं हे चौथीच्या भूगोलात होतं. परीक्षकानं नकाशा उघडला की तिथंच खेळ खल्लास. त्यापेक्षा खरं काय ते लिहा, की इथल्या बाजारात मासा रत्नागिरी-मालवणकडनं येतो, सुरमई-पापलेट केवढ्या आकाराचं येतंय, पिल्लं किती विकली जातायत, हे मी दर आठवड्याला बाजारात उभं राहून लिहून काढू शकतो. खाणारा गिऱ्हाईक घाटावर बसलाय, हा मुद्दा कोल्हापूरचा माणूसच मांडू शकतो. समुद्री संवर्धनात काम करणाऱ्या दिव्या कर्नाड ह्यांना २०१९ मध्ये फ्यूचर फॉर नेचर पुरस्कार मिळाला, त्यांचं काम कुठल्या हंगामात कुठला मासा खावा हे गिऱ्हाइकाला आणि हॉटेलवाल्यांना पटवायचंच आहे, तेव्हा हा विषय बारका समजू नका.

कागदांकडं येतो. मार्कलिस्ट, पदवी, आधार, फोटो, ह्यात काय सांगायचं नाही, स्कॅन सरळ काढा आणि मोबाईलनं तिरका फोटो मारून पाठवू नका, बस.

रेफरन्स लेटर हा सगळ्यात मोठा खड्डा. आपल्याकडं लेटर म्हणजे कॅरेक्टर सर्टिफिकेट असा समज आहे. एका प्राध्यापकांनी दिलेलं लेटर मी वाचलंय, मथळा होता ज्याच्या त्याच्या माहितीसाठी, खाली चार ओळी, सदर विद्यार्थी आमच्या विभागात अमुक ते तमुक शिकत होता, त्याची वर्तणूक चांगली होती, त्यास पुढील वाटचालीस शुभेच्छा. गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. फेलोशिपला ह्याचा उपयोग शून्य. त्यांना पाहिजे असतं की ह्या पोरानं तुमच्यासमोर काय काम केलं, कुठं अडला, कसा सुटला. त्यामुळं लेटर मागायला जाताना हात हलवत जाऊ नका, एका पानावर आपण काय-काय केलं त्याचे मुद्दे लिहून सरांच्या हातात द्या, त्यांना पण बरं पडतं, राग येत नाही. आणि एकतरी रेफरन्स फील्डवरचा घ्या, ज्याच्या हाताखाली किनाऱ्यावर काम केलंय तो, मग तो संस्थेचा असो की वनखात्याचा.

दुसरं म्हणजे ईमेल. बऱ्याच फॉर्मना सरांचा कॉलेजचा ऑफिशियल मेल लागतो आणि आपल्या अनेक कॉलेजांत सगळा कारभार जीमेलवर. ऑफिशियल आयडी असला तरी त्याचा पासवर्ड क्लार्ककडं. फॉर्ममध्ये सरांचा मेल टाकला की त्यांना आपोआप लिंक जाते, ती स्पॅममध्ये पडते, सर बघत नाहीत, तुम्ही विचारायला लाजता, मुदत संपते. लाजू नका! शक्य असेल तर समोर बसा, मेल उघडायला लावा, अपलोड झालेलं डोळ्यांनी बघा, मगच चहा प्या.

होस्ट संस्थेचं, म्हणजे जिथं बसून काम करणार त्या संस्थेचं पत्र हा दुसरा खड्डा आणि इथं मात्र माझा तोल जातो. फंडर, म्हणजे पैसे देणारा, म्हणतो आधी होस्टचं पत्र आणा, होस्ट म्हणतो आधी फेलोशिप मिळू दे मग पत्र देतो. एका संस्थेत मी स्वतः तीन चकरा मारल्या, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, आणि तिसऱ्यांदा साहेब भेटले तर म्हणाले असं पत्र द्यायचा आमच्याकडं नमुना नाही. नमुना नाही म्हणून पत्र नाही! तेव्हापासून मी नमुना टाइप करूनच नेतो, त्यात पहिलंच वाक्य असतं की निवड झाली तरच हे पत्र लागू, संस्थेवर कसलाही आर्थिक भार नाही. हे वाक्य वाचलं की सही लवकर होते, अनुभव आहे.

पैसे परदेशातनं येणार असतील तर होस्टला आणखी एक विचारा, एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी पैसा घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, आहे का, चालू आहे का, की मुदत संपलीय. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडं वळवता येत नाही, आणि तो पैसा पहिल्यांदा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. म्हणजे आमच्या ओळखीची मोठी संस्था आहे, तिच्याकडं घेऊ आणि तिथनं आपल्या गावच्या मंडळाकडं फिरवू, हा जुना जुगाड विसरा. पैसा तुमच्या वैयक्तिक नावावर येणार असेल तर तो स्टायपेंड आहे की प्रोजेक्टचा खर्च, हे फंडरकडून लेखी घ्या आणि सीएला दाखवा, कारण कायदा ह्या दोन्हीकडं एकाच नजरेनं बघत नाही. आणि खातं पतसंस्थेत असेल तर तिथं परदेशी पैसा येत नाही, आपल्या शहरात तर घरटी एक पतसंस्थेचं पासबुक असतं. सहकारी बँक असेल तर स्विफ्ट कोड आहे का आधी विचारा, नसेल तर मोठ्या बँकेत खातं उघडून ठेवा.

परवानगीचा कागद. समुद्री कासवं, प्रवाळ, व्हेल शार्क ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, व्हेल शार्क २००१ पासून. त्यांना हात लावायचा, टॅग लावायचा, नमुना घ्यायचा म्हटलं की राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, ते कार्यालय नागपूरला, आणि अनुसूची एक असल्यामुळं वर केंद्राची मान्यता. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत संशोधन करायचं तरी परवानगी. हे दोन आठवड्यांत होत नाही, कुणी होतंय म्हणाला तर त्याच्याकडं संशयानं बघा. पहिलीच फेलोशिप असेल तर मुलाखती, बाजारातल्या नोंदी, किनाऱ्यावरची मोजणी असं काम आखा, परवानगीचा फास बराच सैल होतो. तरीपण परवानगी लागतच असेल तर अर्ज आधी करून टाका आणि आवक क्रमांक घातलेली पोच फेलोशिपच्या फॉर्मला जोडा. परवानगी हातात नसली तरी माणूस कामाला लागलाय हे दिसतं.

नावाची गडबड. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावातच चिकटवलेलं, आणि लग्न झालेल्या पोरींचं तर दोन-दोन नावांनी सगळं. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडं टाइप करा आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पासपोर्टच नाही असं म्हणणारेपण भेटतात, तो सिलेक्शननंतर काढू म्हणून चालत नाही.

डायव्हिंगचं एक सांगायलाच पाहिजे. तारकर्लीला ट्रिपला जाऊन अर्धा तास इन्स्ट्रक्टरनं मानगुटीला धरून पाण्याखाली फिरवलं आणि वर आल्यावर रंगीत सर्टिफिकेट दिलं, ते म्हणजे डायव्हर नव्हे. फेलोशिपवाले विचारतात ते निदान ओपन वॉटर कोर्सचं, ज्यावर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. ते रंगीत सर्टिफिकेट जोडू नका, हसं होतं. कोर्स नसेल तर नाही म्हणून लिहा, बाजारात मासे मोजायला डायव्हिंग लागत नाही.

मुदत. ०४/०५ असं लिहिलं असेल आणि फंडर अमेरिकेचा असेल तर ती ५ एप्रिल आहे, ४ मे नव्हे, ह्या एका गोष्टीवर एकाचं अख्खं वर्ष गेलंय. रात्री ११:५९ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपले रात्रीचे अडीच, त्यांच्या हिवाळ्यात साडेतीन. कागदावर वेळ जास्त मिळाल्यासारखी वाटते, पण तेवढ्यात लाईट जाते, नेट झोपतं, आणि सर तर दहालाच झोपलेले असतात. बऱ्याच ठिकाणी रेफरन्सची मुदत तीच असते, वेगळी नसते. आपली मुदत चार दिवस अलीकडं धरा.

कामाचं वेळापत्रक लिहितानापण डोकं वापरा. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि पोरं लिहितात जुलैमध्ये बोटीवरून सर्व्हे. हे दोन महिने मुलाखतींना ठेवा, मासेमार घरी असतो, जाळी विणत बसलेला असतो, बोलायला वेळ असतो. कासवांचं काम असेल तर घरट्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च आणि पिल्लं निघणं त्यापुढं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हे काम २००२ पासून चालू आहे, तिथं एकदा जाऊन बघून आलात तर वेळापत्रक आपोआप खरं वाटायला लागतं.

सबमिट केल्यावर पोचीचा स्क्रीनशॉट काढा आणि रेफरन्सच्या रकान्यात दोन्ही नावांपुढं मिळालं असं आलंय का ते बघा. सुरवातीला सांगितलेल्या त्या पोराला मी हेच विचारलं, तर तो म्हणाला बघितलं नाही. मग काल आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो, मेल उघडला, स्पॅममध्ये ती लिंक होती, मुदतीच्या अकरा दिवस आधी आलेली. सरांनी तिथल्या तिथं क्लिक केलं. लिंक एक्स्पायर झाली होती.