धडधाकट कोणाला म्हणायचे? अमेरिकेतील अन्नसाहाय्य, कामाची नोंदणी आणि त्यातून मिळणारी सूट

अमेरिकेत ‘स्नॅप’ या नावाने चालणाऱ्या आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘फूड स्टॅम्प’ असलेल्या अन्नसाहाय्य योजनेसाठी अर्ज करणाऱ्या कुटुंबातील १६ ते ५९ वयाच्या प्रत्येक सुदृढ व्यक्तीला कामासाठी नोंदणी करावी लागते. ही नोंदणी अर्जाच्या वेळी होते आणि त्यानंतर दर १२ महिन्यांनी पुन्हा करावी लागते. नोंदणी झालेल्या माणसाने योग्य नोकरी चालून आली तर ती नाकारायची नसते, हातची नोकरी सबळ कारणाशिवाय सोडायची नसते आणि कामाचे तास स्वतःहून आठवड्याला ३०च्या खाली आणायचे नसतात. नियम मोडल्यास पहिल्या वेळी किमान एक महिना, दुसऱ्या वेळी तीन आणि तिसऱ्या वेळी सहा महिने मदत बंद होते. या अटीतून काही जणांना सूट आहे. अटीवर पुष्कळ वाद होतात, पण सूट कोणाला आहे ही यादी मात्र क्वचितच कोणी नीट वाचतो. माझ्या मते योजनेचा खरा इतिहास त्या यादीतच आहे, कारण काम करू शकणारा माणूस कोण आणि ज्याच्याकडून कामाची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल तो कोण, हे प्रत्येक पिढीने त्या यादीत नव्याने लिहिले आहे.

ही विभागणी अमेरिकेच्याही आधीची आहे. इंग्लंडमध्ये १३४९ साली, प्लेगच्या साथीने मजूर दुर्मीळ झाले असताना, काम करू शकणाऱ्या भिकाऱ्याला भिक्षा घालण्यास मनाई करणारा हुकूम निघाला. १६०१च्या गरिबांविषयीच्या कायद्याने वृद्ध, अपंग आणि आजारी यांना एका बाजूला व धडधाकट बेरोजगारांना दुसऱ्या बाजूला ठेवले, आणि इंग्रज वसाहतींबरोबर तीच रीत अटलांटिकपार गेली. महाराष्ट्रालाही तिची ओळख आहे. १८७६-७७च्या दुष्काळात कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरेसे आहे असे ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवले, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या त्यांतही काम करू शकणाऱ्यांसाठी खडी फोडण्याची आणि तलाव खोदण्याची कामे, आणि ज्यांच्याने काम होणार नाही त्यांना विनाकाम मदत, अशीच वाटणी होती. कोण कोणत्या रांगेत उभा राहील, हा प्रश्न तिथेही होताच.

फूड स्टॅम्पची पहिली योजना १६ मे १९३९ रोजी न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात सुरू झाली. एक डॉलर भरून नारिंगी कुपने घेतली की पन्नास सेंटची निळी कुपने फुकट मिळत, आणि निळ्या कुपनांवर फक्त सरकारने अतिरिक्त म्हणून जाहीर केलेला शेतमाल घेता येई. शेतकऱ्याचा न खपणारा माल आणि शहरातला भुकेला माणूस यांची गाठ घालणे हा तिचा हेतू होता. युद्धामुळे बेकारीही ओसरली आणि अतिरिक्त मालही उरला नाही, तेव्हा १९४३मध्ये ती बंद झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या काळात, १९६१ साली, वेस्ट व्हर्जिनियातील मॅकडॉवेल या कोळसाखाणींच्या काउंटीपासून प्रायोगिक योजना पुन्हा सुरू झाली आणि ३१ ऑगस्ट १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फूड स्टॅम्प कायद्यावर सही केली. पात्रतेचे निकष त्या कायद्याने राज्यांवर सोपवले होते. कामाच्या नोंदणीची देशभर लागू होणारी अट त्यात नव्हती.

ती अट आली जानेवारी १९७१मध्ये, आणि ती ज्या संदर्भात आली तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. एप्रिल १९६७मध्ये रॉबर्ट केनेडी आणि जोसेफ क्लार्क हे सिनेटर मिसिसिपी डेल्टाच्या गावांत फिरले आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात मुले उपाशी आहेत, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून घरोघर पोचली. १९६९च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अन्न, पोषण आणि आरोग्य या विषयावर व्हाइट हाउसतर्फे परिषद भरवली. त्यानंतरच्या दुरुस्ती कायद्याने पात्रतेचे निकष देशभर एकसारखे केले, मदतीची रक्कम पुरेशा पोषणाच्या खर्चाशी जोडली आणि कुपनांसाठी कुटुंबाने भरायच्या पैशाला उत्पन्नाच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली. योजना इतकी उदार होत असताना, तिच्या विरोधकांचे समाधान व्हावे म्हणून, त्याच कायद्यात कामाची नोंदणी घालण्यात आली. १८ ते ६५ वयाच्या प्रत्येक धडधाकट प्रौढाने राज्याच्या रोजगार सेवेकडे नाव नोंदवावे, असे कलम आले.

त्या कलमाच्या कंसातच सूट होती. ‘माता किंवा कुटुंबातील अन्य सदस्य’ ज्यांच्यावर अवलंबून असलेल्या मुलांची किंवा असमर्थ प्रौढांची जबाबदारी आहे, जे मान्यताप्राप्त संस्थेत खरोखर शिकत आहेत आणि जे आठवड्याला किमान ३० तास काम करत आहेत, त्यांना नोंदणी माफ होती. मुलाच्या वयाची अट नव्हती. मूल अवलंबून असले की पुरे. घरात मूल सांभाळणे हे पूर्णवेळचे काम आहे, हे १९७१च्या कायद्याने फारसा वाद न घालता मान्य केले होते, आणि त्या यादीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तीच आहे.

पुढची पाच दशके या एका मान्यतेला कात्री लागत गेली. १९७७च्या कायद्याने, ज्याच्यामागे डेमोक्रॅटिक पक्षाचे मॅकगव्हर्न आणि रिपब्लिकन पक्षाचे डोल या सिनेटरांची मोठी मेहनत होती, कुपने विकत घेण्याची अट रद्द केली आणि योजनेचे दार गरिबातल्या गरिबाला उघडले. त्याच कायद्याने नोंदणीची वरची वयोमर्यादा ६५वरून ६०वर आणली, म्हणजे म्हातारपणाची सूट वाढली. पण मुलासाठीची सूट आता १२ वर्षांखालील मुलापुरती उरली. १९८०च्या दशकात ती सहा वर्षांखालील मुलावर आली आणि आजही तिथेच आहे. मूल शाळेत जाऊ लागले की आई मोकळी झाली, असा हिशेब त्यामागे असावा. शाळा दुपारी सुटते, उन्हाळ्यात अडीच महिने बंद असते, आणि रात्रपाळीच्या कामाला शाळेचा काहीच उपयोग नसतो, हे त्या हिशेबात धरलेले दिसत नाही. १९८५च्या कायद्याने राज्यांना रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रम चालवणे भाग पाडले, त्यामुळे नुसत्या नाव नोंदवण्याला देशभर पुढची पायरी मिळाली.

आजची यादी बऱ्याच अंशी त्या काळात घडली. सोळा वर्षांखालील आणि साठ वा त्याहून अधिक वयाची माणसे तिच्या कक्षेबाहेर आहेत. शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या काम करण्यास असमर्थ असलेल्याला, सहा वर्षांखालील मूल किंवा असमर्थ माणूस सांभाळणाऱ्याला, बेरोजगार भत्ता घेणाऱ्याला, व्यसनमुक्तीच्या उपचारात नियमित असणाऱ्याला आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळ शिकणाऱ्याला सूट आहे. रोख साहाय्याच्या योजनेत कामाची अट आधीच पाळणाऱ्यालाही आहे. ३० तास काम करणाऱ्यालाही ती आहे, आणि तास कमी भरले तरी आठवड्याची कमाई संघराज्याच्या किमान वेतनाने ३० तासांच्या मोलाइतकी असली तर तीही चालते. किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर असल्याने हा आकडा २१७.५० डॉलर होतो. म्हणजे वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणारी बाई तासाला ९ डॉलरने आठवड्याला २५ तास काम करत असेल, तर तिची कमाई २२५ डॉलर होते आणि तिला सूट लागू होते, जरी ३० तास भरले नसले तरी. पण हे तिला कोणीतरी सांगावे लागते. किंवा पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा कार्यालयातल्या माणसाने पाहून त्याचा गुणाकार करावा लागतो. सूट कायद्यात असते. ती माणसाच्या हातात पडते ती अशा गुणाकारातून.

१९९६ साली या जुन्या यादीशेजारी दुसरी, बरीच कठोर यादी उभी राहिली, आणि आजचा बहुतेक गोंधळ या दोन याद्या एकच समजण्यातून होतो. क्लिंटन यांनी २२ ऑगस्ट १९९६ रोजी सही केलेल्या कल्याण सुधारणा कायद्यात, प्रतिनिधिगृहातील जॉन केसिक आणि बॉब नेय यांच्या दुरुस्तीतून आलेले एक कलम होते. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही अशा १८ ते ४९ वयाच्या धडधाकट प्रौढाला ३६ महिन्यांत फक्त तीन महिने मदत मिळेल; त्यापुढे ती हवी असेल तर त्याने महिन्याला ८० तास काम केले पाहिजे, प्रशिक्षण घेतले पाहिजे किंवा मदतीच्या बदल्यात नेमून दिलेले काम केले पाहिजे. जुन्या नियमात माणसाने कामाला तयार असणे पुरेसे होते. नव्या नियमात काम सापडलेच पाहिजे. शोधूनही ते मिळाले नाही, तर चौथ्या महिन्यात धान्याचे पैसे थांबतात. दोन नियमांतला हा फरक मला मूलभूत वाटतो, कारण पहिला माणसाच्या इच्छेची परीक्षा घेतो आणि दुसरा बाजाराच्या प्रकृतीची शिक्षा माणसाला देतो.

कायदा करणाऱ्यांना याची अगदीच जाणीव नव्हती असे नाही. गरोदर स्त्रिया, वैद्यकीयदृष्ट्या असमर्थ लोक, मुलांची जबाबदारी असलेले पालक आणि नोंदणीच्या जुन्या यादीनुसार सूट असलेले लोक या मुदतीतून वगळले होते. बेकारी १० टक्क्यांहून अधिक असेल किंवा पुरेशा नोकऱ्या नसतील, त्या भागापुरती मुदत स्थगित करण्याची परवानगी राज्ये मागू शकत होती. १९९७मध्ये, या मुदतीच्या कक्षेत येणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांपर्यंत लोकांना राज्यांनी स्वतःच्या विवेकाने सूट द्यावी, अशी सोय झाली. २०१८च्या शेती कायद्याने हे प्रमाण १२ टक्क्यांवर आणि २०२३च्या कायद्याने ८ टक्क्यांवर आणले. मंदीनंतर २००९-१०मध्ये आणि कोविडच्या काळात मार्च २०२०पासून ही मुदत काही काळ थांबवण्यात आली होती. मधल्या काळात, डिसेंबर २०१९मध्ये, कृषी खात्याने भागवार स्थगितीचे निकष आवळणारा नियम काढला. त्याने सुमारे ६ लाख ८८ हजार लोकांची मदत जाईल असा खात्याचाच अंदाज होता. न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी ऑक्टोबर २०२०मध्ये तो रद्द केला.

२०२३ आणि २०२५ या दोन वर्षांतल्या घडामोडी मात्र थांबून पाहायला हव्यात. जून २०२३मध्ये सरकारच्या कर्जमर्यादेवरून झालेल्या तडजोडीच्या कायद्याने मुदतीची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने ५४पर्यंत नेली. त्याच वेळी बेघर माणसे, माजी सैनिक आणि सरकारी देखरेखीखालील पालकगृहांत वाढलेली २४ वर्षांपर्यंतची मुले यांना सूट दिली. कायम पत्ता नसलेल्या माणसाला कामाच्या तासांचा दाखला महिन्याच्या महिन्याला कार्यालयात पोचवणे किती अवघड असते, हे ही सूट देऊन कायद्याने एका अर्थी मान्य केले होते. व्हर्जिनिया राज्यातील नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले होते, की कामाच्या अटीमुळे संबंधित गटातला योजनेचा सहभाग निम्म्याहून अधिक घटला, रोजगारात वाढ झाल्याचे आढळले नाही आणि बेघरांना सर्वाधिक फटका बसला.

ही सूट दोन वर्षेच टिकली. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने बेघर, माजी सैनिक आणि पालकगृहातील तरुण या तिन्ही गटांची सूट काढून घेतली. मुदतीची वयोमर्यादा ६४पर्यंत गेली, पालकांसाठीची सूट १४ वर्षांखालील मुलापुरती राहिली आणि भागवार स्थगितीसाठी, अलास्का व हवाईसाठीची तात्पुरती तरतूद वगळता, १० टक्क्यांहून अधिक बेकारी हीच कसोटी उरली. मूळ अमेरिकी समाजाच्या लोकांना मात्र नव्याने सूट मिळाली, आणि ती योग्यच आहे. कामाच्या अटींतील या बदलांमुळे सरासरी महिन्याला सुमारे २४ लाख लोक योजनेबाहेर राहतील, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे.

याचा एक परिणाम असा, की दोन याद्या आता एकमेकींशी जुळत नाहीत. समजा, एखादा ६२ वर्षांचा माणूस आयुष्यभर गोदामात ओझी उचलून आता घरी बसला आहे. वयामुळे तो कामाच्या नोंदणीतून मोकळा आहे, कारण १९७७ने ती रेघ साठवर ओढली. पण २०२५च्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांची मुदत त्याला लागू आहे. एकाच कार्यालयात, एकाच अर्जावर, कायदा त्याला एका ओळीत विश्रांतीच्या वयाचा आणि दुसऱ्या ओळीत धडधाकट ठरवतो. त्याच्या गुडघ्यांची अवस्था चालताना उघड दिसत असेल, तर समोरचा कर्मचारी कागद न मागता त्याला असमर्थ म्हणून नोंदवू शकतो. नियमात तशी मुभा आहे. ती दिसत नसेल, तर डॉक्टरचा, परिचारिकेचा किंवा समाजसेवकाचा दाखला लागतो. हल्ली बऱ्याच मुलाखती फोनवर होतात, आणि फोनवरून गुडघे दिसत नाहीत.