बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय? आधी आजोबांचा दाखला शोधा

गोंदिया, चंद्रपूरनंतर 2024 मध्ये गडचिरोली, भंडारा, अमरावती, वाशीम आणि बुलढाण्यातही सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. दवाखाने वाढले की नर्स, फार्मासिस्ट, लॅबवाले, फिजिओथेरपिस्ट हे सगळेच लागतात. त्यामुळे गावागावातली पोरं, आणि त्याहून जास्त पोरी, या डिग्र्यांकडे वळल्या आहेत. पण दरवर्षी त्यातले बरेच जण मार्कांवर नाही, कागदावर अडकतात.

आधी कोर्सचं बघा. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची वेगळी सीईटी असते. बी.फार्मला एमएचटी-सीईटी, फिजिओथेरपीला नीट. एकाचा फॉर्म भरला म्हणून दुसरं चालत नाही. आणि हे फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी सुटतात, बहुतेकदा बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना. "निकाल लागू द्या, मग पाहू" म्हणणाऱ्या बापाला जूनमध्ये कॅफेवाला सांगतो की मुदत कधीच संपली.

नर्सिंगच्या डिग्रीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीवला 40. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजात मार्क पडतात म्हणून अनेक जण बायोलॉजी सोडून क्रॉप सायन्ससारखा बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय घेतात. त्यांना हा दरवाजा बंद. हे अकरावीच्या ॲडमिशनलाच कुणीतरी सांगायला हवं, पण सांगत कोणी नाही. बायोलॉजी ठेवून क्रॉप सायन्स घेतलं असेल तर अडचण नाही.

आता खरी गाठ. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसतं जातीचं प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो तेच. त्यासाठी जात पडताळणी समिती वडिलांकडच्या पिढीचा जुना पुरावा मागते: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? मग चुलत आजोबा, आत्या, पणजोबा, ज्याची नोंद सापडेल त्याची काढा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतला दाखल-खारीजचा (प्रवेश नोंदवहीचा) उतारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकाची (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जुनी महसुली कागदपत्रं, हे सगळं चालतं. मात्र त्या माणसाशी तुमचं नातं वंशावळीच्या शपथपत्रात जुळलं पाहिजे. वडील, सख्खे काका किंवा भाऊ यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर त्याची प्रत जोडा, काम पुष्कळ हलकं होतं.

नोंद सापडली तरी ती नीट वाचून घ्या. जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" लिहिलेलं असतं. आजोबांचं नाव एका कागदावर "रामा", दुसऱ्यावर "रामदास" असतं. ते एकच माणूस असल्याचं शपथपत्र अर्जासोबतच द्या, नाहीतर त्रुटीचं पत्र यायलाच महिने जातात. लग्न झालेल्या मुलीने माहेरचीच कागदपत्रं लावायची. नवऱ्याची जात इथे कामाची नाही.

व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. प्राचार्यांची सही-शिक्का असलेलं पत्र लागतं आणि ते देणं कॉलेजचं काम आहे, उपकार नव्हे. अनुसूचित जमातीची तपासणी समिती वेगळी आहे. जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात तो अर्ज घेत नाहीत, उगाच तिथे भाडं घालवू नका. आणि पोचपावतीवर काम भागेल या भरवशावर राहू नका. व्हॅलिडिटी नंतर द्यायला मुदतवाढ मिळते ती त्या वर्षी तसा शासन निर्णय निघाला तरच.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर मागास प्रवर्गातल्या सधन वर्गात मोडत नाही याचा दाखला, दरवर्षी घोळ घालतं. ते अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, बाकी मागास प्रवर्गांना लागतं. त्याची वैधता 31 मार्चला संपते. मागच्या वर्षी एकाच वर्षासाठी काढलेला कागद जूनमध्ये दाखवला तर तो मेलेला असतो. ज्या वर्षात प्रवेश, त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत चालणारा हवा. शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न क्रिमीलेअर ठरवताना धरत नाहीत. तरी सेतू केंद्रात "तुमचे वडील नोकरीत आहेत, मिळणार नाही" असं सांगून परत पाठवतात. अशा वेळी थेट एसडीओ (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात लेखी अर्ज द्या, तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

डोमिसाइल, टीसी, मार्कशीट, आधार हे नेहमीचं, फक्त नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा.

फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाला सोय म्हणून स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे आणि तो लग्नाला गेलेला. कॉलेजांची पसंती द्यायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये नागपूरची दोनच कॉलेजं टाकून थांबू नका. जिथे खरोखर जाणार अशी सगळी टाका, पण जिथे जाणारच नाही ते टाकू नका.

फीचं भय बऱ्याच घरांत असतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. "राउंडची कटकट कशाला, थेट सीट देतो" म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागलात तर ही सवलत गेलीच. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

एजंट ज्या कॉलेजचं नाव घेईल, त्याला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, तसंच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. "नर्सिंग केअर"च्या नावाखाली वर्षभराचे सर्टिफिकेट कोर्स तालुक्याच्या गाळ्यांमध्ये चालतात. त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय स्टाफ नर्सच्या सरकारी जागेला अर्जही करता येत नाही. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया आणि फी वेगळी असते. तिथे जायचं असेल तर त्यांची माहितीपुस्तिका वेगळी मागून घ्या, आणि पैसे भरण्याआधी पहिल्या वर्षाचीच नाही, चारही वर्षांची फी लेखी घ्या.