मॉइश्चरचा आकडा येतो कुठून?

ऑक्टोबरात वाशीम, अकोला, यवतमाळच्या बाजार समित्यांत सोयाबीनचे ढीग पडू लागले, की भावाच्याही आधी प्रश्न येतो, "मॉइश्चर किती?" ढिगातले ओंजळभर दाणे यंत्राच्या पेल्यात जातात, बटण दाबले जाते आणि काही सेकंदांत आकडा समोर. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. या तीन टक्क्यांत किती माल असतो? १५ टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर सोयाबीनमध्ये कोरडा माल ८५ किलो. तेच सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवले, की भरते साधारण ९६ किलो ६०० ग्रॅम. एवढ्या पैशांचा निकाल ज्या पेल्यात लागतो, त्यात पाणी मोजणारे मात्र काहीच नसते.

पेल्याच्या आत धातूचे दोन पृष्ठभाग असतात आणि दाणे त्यांच्या मधल्या जागेत पडतात. झाला कॅपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे साधन. त्याचा पहिला अवतार म्हणजे १७४५-४६ च्या सुमाराची लायडन बरणी. पुढे १८३७ मध्ये मायकल फॅरडे यांनी दाखवले, की दोन धातूंच्या मध्ये हवेऐवजी काच, गंधक किंवा लाख असेल तर त्याच विद्युतदाबाला जास्त भार साठतो. किती पट जास्त, त्या आकड्याला परावैद्युत स्थिरांक म्हणतात. हवेचा जवळजवळ १, सरकीच्या तेलाचा ३ च्या आसपास, वाळलेल्या धान्याचा २ ते ५. आणि २० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा ८०!

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. विद्युतक्षेत्र लावले की हे रेणू, पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या एका बाजूला तोंड करून उभ्या राहाव्यात, तसे त्या दिशेला वळू लागतात. तेलाच्या रेणूंत ही ओढ फार थोडी. म्हणून धान्यात टक्काभर पाणी वाढले तरी धारिता, म्हणजे भार साठवायची क्षमता, लगेच वर सरकते.

यंत्राला कळते ती एवढी धारिताच. तिचे टक्के करायला त्याच्या आत प्रत्येक पिकाचा वेगळा तक्ता भरलेला असतो. सोयाबीन ओतले आणि यंत्र चन्यावर लावलेले राहिले, तर आकडा येईल, पण तो कुणाचाच नसेल. दाणे दाबून भरले की मधली हवा कमी होते आणि आकडा फुगतो. उन्हात तापलेला माल लगेच ओतला तरी घोळ होतो. बरी यंत्रे तापमानाचा हिशेब करतात, पण त्यासाठी दाणे आणि पेला दोन्ही एका तापमानाला यावे लागतात. त्यामुळे पीक कोणते लावले आहे ते बघणे आणि वेगवेगळ्या जागचे दाणे घेऊन दोन-तीनदा मोजायला सांगणे, यात शेतकऱ्याने संकोच करायचे कारण नाही. (कापसात खुपसायचा दोन सुयांचा मीटर वेगळ्या जातीचा. तो बहुधा वीज किती अडते ते मोजतो.)

हेच तत्त्व उभे केले की पातळी मोजता येते. तेलगिरणीच्या टाकीत सेंटिमीटरभर जाडीची दांडी आणि तिच्याभोवती २.७ सेंटिमीटर आतल्या व्यासाची नळी सोडली, तर रिकाम्या टाकीत दर मीटरला सुमारे ५६ पिकोफॅरड धारिता मिळते. पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा लाख कोटीवा भाग. नळीत सरकीचे तेल भरले की तीच धारिता १७० च्या आसपास जाते. म्हणजे तेल सेंटिमीटरभर चढले, तर पिकोफॅरडभर वाढ. आजची साधी चिपसुद्धा हा फरक सहज पकडते. तेल बदलले तर मात्र रिकामी आणि भरलेली टाकी यांचे आकडे नव्याने द्यावे लागतात.

गावच्या पाण्याला ही उघडी दांडी चालत नाही. विरघळलेल्या क्षारांमुळे त्यातून वीज वाहते आणि दांडी-नळी आपसात जोडली जातात. मग दांडीवर वीज न वाहणाऱ्या टेफ्लॉनचा थर चढवतात. आता दांडी हा एक पृष्ठभाग, पाणी स्वतःच दुसरा, आणि मध्ये टेफ्लॉन. पाणी जितके चढेल तितका दुसरा पृष्ठभाग मोठा होतो. गंमत अशी, की इथे पाण्याचा तो ८० चा आकडा जवळपास बिनकामाचा ठरतो. विहिरीचे पाणी असो की नळाचे, फरक पडत नाही. लोखंडी टाकीत टाकीलाच दुसरी तार जोडता येते, प्लास्टिकच्या टाकीत पाण्याला टेकणारी वेगळी दांडी सोडावी लागते. बाहेरून चिकटवायचे सेन्सर प्लास्टिकमधून पाणी ओळखतात. धातूमधून नाही.

सगळ्यात कठीण परीक्षा जमिनीत होते. वरूड-मोर्शीकडे मृग बहारासाठी उन्हाळ्यात संत्र्याचे पाणी तोडून झाडाला ताण देतात, आणि तो किती झाला हे, याच तत्त्वावर मातीतली ओल मोजणाऱ्या सेन्सरवर पाहायचा मोह होतो. पण काळी जमीन वाळली की आकसते, भेगाळते. सेन्सरची नजर आसपासच्या एक-दोन सेंटिमीटरपलीकडे जात नाही. भेग नेमकी त्याला खेटून पडली, तर ओल्या मातीच्या जागी १ आकड्याची हवा येते आणि मुळाशी ओल असूनही पडद्यावर वाळवंट दिसते. म्हणून सेन्सर बसवताना त्याच वावरातल्या मातीचा चिखल भोवती घट्ट भरतात. शिवाय तिथलीच माती ओली तोलून, १०५ अंशांवर २४ तास वाळवून, पुन्हा तोलून सेन्सरचा आकडा ताडून घ्यावा लागतो.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात आणखी एक अडचण. मातीतल्या क्षारांतून वीज झिरपते आणि ती धारितेच्या मापात मिसळून जमीन आहे त्यापेक्षा ओली दाखवते. सेन्सरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्याचे विद्युतक्षेत्र सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा, ५० मेगाहर्ट्झच्या (सेकंदाला पाच कोटी वेळा) वर असेल तर हा त्रास कमी होतो. तिथल्या शेतकऱ्याने घेण्याआधी फ्रिक्वेन्सी विचारावी. विकणाऱ्याला ती सांगता आली नाही, तर त्या पैशात माती काढायचे गिरमिट घ्यावे आणि फूटभर खालची माती मुठीत दाबून बघावी.